बाहेरून गार

घरात बोललं की भांडण होतं आणि बाहेर बोललं की चर्चा होते, असा गोटीच्या बाबाचा एक सिद्धान्त होता. म्हणून शनिवारी दुपारी त्याने बायकोला, आईला आणि नुकत्याच धावायला शिकलेल्या गोटीला गाडीत घातलं आणि थेट त्या चिनी हॉटेलात आणलं, जिथे जेवण ढकलगाडीवर बसून टेबलापाशी चालत येतं.

"लोकांत कोणी आवाज चढवत नाही," पार्किंगमध्ये तो बायकोच्या कानाशी लागला. "आज ठरवूनच टाकू."

ठरवायचं एवढंच होतं, की सोमवारपासून गोटीला कोण सांभाळणार. गोटीची आई डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधाचे नमुने तपासायची. तिची रजा ताणून ताणून आता तुटायला आली होती. सासूबाई त्यासाठीच बॅग भरून येऊन राहिल्या होत्या. आणि तिने मात्र कोणालाही न सांगता घराजवळच्या पाळणाघरात गोटीसाठी जागा बोलून ठेवली होती. नवऱ्याने सोमवारचा विषय काढला की ती म्हणायची, "बघू ना." या 'बघू'खाली काय दडलंय हे त्या बिचाऱ्याला काय माहीत!

कारण विचाराल तर कारण असं तिच्याकडे नव्हतंच, नुसते संशय होते. सासूबाई घास भरवण्याआधी त्यावर फुंकर मारायच्या. काचेच्या बशीवर अशी एक फुंकर पडली तर पुढे तिथे काय काय उगवतं, हे गोटीच्या आईने नोकरीत डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे त्या आल्याच्या दिवशीच तिने नियम सांगून टाकले. फुंकर मारायची नाही, उष्टा चमचा लावायचा नाही, आणि विचारल्याशिवाय काही भरवायचं नाही. सासूबाई 'बरं' म्हणाल्या. त्या 'बरं'वर काही तिचा भरवसा बसला नाही, आणि तेव्हापासून ती स्वयंपाकघराच्या दारात उभ्या उभ्या चहा प्यायला शिकली.

हॉटेलात शिरल्याबरोबर नवऱ्याच्या सिद्धान्ताचे बारा वाजले. सगळी गोल टेबलं भरलेली, आणि प्रत्येक टेबलावर सगळे एकाच वेळी बोलत होते. गाड्या ढकलणाऱ्या बाया आपापल्या गाडीत काय आहे ते ओरडून सांगत होत्या. बांबूच्या करंड्यांची झाकणं उघडली की वाफेचा ढग वर जायचा आणि माणसं क्षणभर दिसेनाशी व्हायची.

"हे सगळे भांडतायत का रे?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही गं आई, जेवतायत."

"मग आपणही जेवू. भांडायला घर आहेच."

गोटीची उंच खुर्ची आली. ती दोघींच्या मध्ये ठेवली. गोटीच्या आईने पर्समधून ओले रुमाल काढून खुर्चीची पाठ पुसली, हात पुसले, पुढची फळी दोनदा पुसली.

"पायही पूस खुर्चीचे," नवरा म्हणाला. "उतरून चाटेल ती."

ती हसली नाही. सासूबाई हसल्या, पण सुनेकडे बघून लगेच हसू आवरलं. ते आवरणं तिला दिसलं. तिला सगळंच दिसायचं, तीच तर रड होती.

पहिली गाडी आली. एक करंडी उघडली तर त्यात पांढरे, फुगलेले, कापसासारखे पाव. दुसरीत काचेसारख्या आवरणातून गुलाबी कोळंबी दिसत होती. तिसरीत पातळ पिठाच्या पुरचुंड्या होत्या, वर चुण्या घालून तोंड बांधलेल्या.

"अगंबाई, बाहुलीची भातुकलीच मांडली की," सासूबाई म्हणाल्या. "असं चिमूटभर चिमूटभर खाऊन पोट कधी भरायचं? गाडीच घे ना रे विकत."

"आई, सावकाश खायचं असतं इथे. गप्पा मारत."

"तू मार गप्पा. मी खाते."

नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता. खाण्याच्या दोन काड्या त्याने स्क्रू-ड्रायव्हर धरावा तशा मुठीत धरल्या आणि एक पाव भोसकला. गोटी खदखदून हसली. सासूबाईंनी सरळ हातानेच घेतलं. क्षणभर असं वाटलं की आजचा दिवस चांगला जाईल. नवऱ्याने घसा खाकरला, "तर सोमवारचं..." असं म्हटलं, आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"कोणीतरी अडकलंय लिफ्टमध्ये. इथे ऐकू येत नाही, आलोच," म्हणत तो दाराकडे पळाला.

"रोज जगाला बाहेर काढतो," सासूबाई म्हणाल्या, "आणि आपल्या दोघींना इथे अडकवून गेला."

दोघी उरल्या. सासूबाईंनी कपातला चहा घोटभर घेतला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"तुझ्या मनात काय आहे ते तूच सांग ना गं," त्या म्हणाल्या. "तो काय, मधल्यामध्ये. सोमवारचं तुला काय वाटतं?"

आता इतकं सरळ कोणी विचारलं तर सरळ सांगावं की नाही? पाळणाघर हा शब्द जिभेवर आला होता. पण तिने तो गिळला. "मनात काय असणार आई," ती म्हणाली आणि उगाचच चहाची किटली जवळ ओढली.

ती चहा ओतत होती, मान खाली होती, तरी डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला दिसलं. सासूबाईंनी पावाचा इतकुसा तुकडा तोडला, दोन बोटांत दाबून पाहिला आणि हळूच गोटीच्या तोंडात घातला. विचारलं नाही, काही नाही. गोटीने तो मिटक्या मारत खाल्ला आणि आणखी हवा म्हणून फळीवर हात आपटले.

त्या क्षणी गोटीची आई बोलली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण तिने तो तुकडा मनात जपून ठेवला. रात्री नवऱ्याला सांगता येईल: बघ, एवढं सांगूनसुद्धा. पाळणाघराच्या बाजूने तिच्याकडे आता एक पुरावा होता, आणि तिला चक्क बरं वाटलं.

"थांबा, मी भरवते तिला," एवढंच ती म्हणाली.

गोटीने पाय झाडला. तिचा बूट टेबलाखाली कुठेतरी उडाला. "बघ, उधळली घोडी," म्हणत सासूबाई तो शोधायला खाली वाकल्या.

गोटीच्या आईने एक पुरचुंडी चमच्यात घेतली. भरवायचं तर नीट भरवायचं. बाटलीतलं दूध तपासतात तशी तिने ती मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवली. गार. आणखी खात्री म्हणून दुसऱ्या मनगटाला. गारच. मग तिने चमचा गोटीच्या ओठांशी धरला आणि गोटीने ती खसकन चावली.

त्या पुरचुंडीच्या पोटात रस भरलेला असतो हे तिला माहीत नव्हतं. वरचं पातळ पीठ केव्हाच निवलं होतं, पण आतला रस उकळता होता.

गोटीचं तोंड उघडंच राहिलं. आधी आवाजच फुटला नाही. मग अशी किंकाळी आली की शेजारच्या टेबलावरचे हात अधांतरी थांबले. खालून उठताना सासूबाईंचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं, पण त्यांनी ते चोळलंही नाही. गोटीला खुर्चीतून उपसून खांद्याशी धरलं. "काय झालं माझ्या सोन्याला, काय झालं..."

आणि इकडे गोटीच्या आईच्या हाताने एक गोष्ट केली. चमच्यात फुटलेली पुरचुंडी होती. हाताने ती कागदी रुमालात गुंडाळली, मुठीत दाबली आणि रिकाम्या करंडीमागे सारली. डोक्याला विचारलंसुद्धा नाही. मग ती पोरीकडे वळली.

तेवढ्यात नवरा धावत आत आला. त्याला काय दिसलं? आईच्या खांद्यावर किंचाळणारी पोर आणि तिची लाल झालेली जीभ.

"काय दिलंस तिला?" तो ओरडला. "आई! काय भरवलंस?"

"अरे, मी... पाव दिला. पांढरा. इतकुसा."

"विचारून दिलास?"

सासूबाई गोटीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"किती वेळा सांगितलंय तुला, हिला विचारल्याशिवाय काही देऊ नकोस म्हणून? किती वेळा? तोंड भाजलंय पोरीचं!"

लोकांत कोणी आवाज चढवत नाही म्हणणाऱ्याचा आवाज पार स्वयंपाकघरापर्यंत गेला. एका गाडीवालीने गार पाण्याचा पेला आणून ठेवला. गोटीच्या आईने चमच्या-चमच्याने पाणी पाजलं, खालच्या ओठावर ओला रुमाल धरला. जिभेचं टोक लाल झालं होतं, ओठावर एक ठिपका उठला होता. फोड नव्हता. ती हे सगळं व्यवस्थित करत होती, आणि आतून एकच वाक्य धडका मारत होतं: मी दिलं, मी दिलं. दर चमच्यागणिक ती ठरवायची की हा चमचा झाला की सांगायचं.

"ते काही नाही," नवरा म्हणाला. "सोमवारपासून पाळणाघर. ठरलं. मीच बघतो एखादं."

आणि खोटं कशाला सांगायचं, ते ऐकल्यावर पहिल्यांदा तिला सुटल्यासारखंच वाटलं. काहीही न बोलता, कोणाशी न भांडता, हवं ते पदरात पडलं होतं. पोटच्या पोरीची जीभ भाजून. हे ध्यानात आलं तसे तिचे कान तापले आणि ती मान वर करेना.

गोटी हळूहळू शांत झाली. हुंदके देत देत आईच्या मांडीवर पेंगायला लागली. नवरा म्हणाला, "मी गाडी दाराशी आणतो," आणि आईकडे न बघता निघून गेला.

टेबलावर तीन-चार करंड्या अर्ध्या भरलेल्या तशाच होत्या. सासूबाई आपल्या उजव्या हाताकडे बघत होत्या. या हाताने त्यांनी उभं आयुष्य इस्त्री केली होती. आपल्या नवऱ्याच्या मागे इस्त्रीचं दुकान एकटीने चालवलं, त्यावर पोराला शिकवलं. बोटांची टोकं गुळगुळीत, जाड झालेली.

त्यांनी चहाच्या कपाला बोट लावलं. मग किटलीला लावलं आणि चटकन मागे घेतलं.

"ही गरम आहे ना गं?"

"हो आई."

"मला गरमच लागली. मग मघाशी का नाही कळलं?" त्यांनी उरलेल्या पावाचा तुकडा तोडला, तसाच दोन बोटांत दाबला आणि सुनेपुढे धरला. "हा बघ बरं. तुला कसा लागतो? खरं सांग. माझ्या मनाला लागेल असलं काही मनात आणू नकोस."

तिने बोट लावलं. "गार आहे."

"मलाही गारच लागतोय." त्यांनी तुकडा बशीत ठेवला. "आता निवला असेल. तेव्हा गरम असणार. मला तेव्हाही गारच वाटला होता बघ. पोरीने मिटक्या मारल्या खऱ्या, पण तू तर अजून भरवायला घेतलंच नव्हतंस. शपथेवर सांगते, नाहीतर मी घातला असता का पोरीच्या तोंडात?"

गोटीच्या आईची नजर करंडीमागच्या रुमालाकडे गेली.

"माझ्या थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं," सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "आधी हाताला गरम-गार कळेना. मग हातातून वस्तू पडायला लागल्या. घरचे हसायचे. शेवटी तिला कोणी पोराला हात लावू देईना. तो बरोबर बोलला, मला राग नाही आला त्याचा. फक्त त्याला बहिणीचं नको सांगूस हं. मी उद्याच निघते. तिकडे गेल्यावर दाखवीन कोणाला तरी."

समोर बसलेली बाई चुकीची कबुली देत नव्हती. तिचा आपल्याच हातांवरचा विश्वास उडाला होता, ती त्यांना निकामी ठरवत होती. आणि ते हात धडधाकट आहेत हे जगात फक्त एका माणसाला माहीत होतं.

"आई," ती म्हणाली. "आई, पावाने नाही भाजलं."

"म्हणजे?"

तिने करंडीमागून तो चुरगळलेला रुमाल काढला आणि उलगडून टेबलावर ठेवला. आतली पुरचुंडी चपटी झाली होती, कागद रसाने पिवळट भिजला होता.

"ही मी दिली. तुम्ही बूट शोधायला वाकलात तेव्हा. वरून गार होती. आतला रस उकळता होता."

सासूबाईंनी रुमालाकडे पाहिलं. मग पुन्हा आपल्या हाताकडे. बोटं मिटली, उघडली. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम असं काही आलं की तिला आधी कळेचना. त्यांना हायसं वाटलं होतं.

"म्हणजे हाताला काही नाही झालेलं माझ्या?"

"नाही आई."

"अगंबाई!" त्या चक्क हसल्या. डोळ्यांत पाणी आलं. "मला वाटलं, संपलं आता सगळं. किती घाबरले होते गं मी!"

त्यांनी तिच्या कानफटात मारली असती तरी परवडलं असतं. ते हसू तिला बघवेना. आणि मग ते जसं आलं तसं सावकाश विरलं. सासूबाई पुन्हा रुमालाकडे बघायला लागल्या. त्याच्या घड्यांकडे.

"हे तू गुंडाळून ठेवलंस."

"हो."

"तो मला ओरडत होता तेव्हा?"

"त्याच्या आधी."

"आणि मी पाव दाबून बघत होते, तेव्हा तू समोर बसून बघत होतीस."

तिने मान डोलावली. सासूबाईंनी कप उचलला, निवलेला चहा शेवटपर्यंत प्यायला, आणि तोंड पुसलं.

नवरा परत आला. "चला, गाडी दारात उभी आहे, मागे लोक भोंगे वाजवतायत."

"जरा बस," ती म्हणाली.

"अगं, भोंगे..."

"वाजू देत. गोटीला मी भाजवलं. ती पुरचुंडी मी भरवली होती, आणि तू यायच्या आधी लपवून ठेवली. आईंनी दिलेला पाव गारच होता." एका दमात बोलली. थांबली असती तर उरलेलं राहून गेलं असतं, म्हणून पुढचंही बोलली. "आणि पाळणाघर तू शोधू नकोस. मी आधीच बघून ठेवलंय. तुम्हाला दोघांनाही न सांगता."

नवरा खुर्चीच्या कडेवर बसला. एकदा बायकोकडे, एकदा आईकडे बघितलं. अडकलेल्या लिफ्टबाहेर उभा राहून आतल्या माणसांशी तो किती शांतपणे बोलतो, याचं त्याच्या कंपनीत कौतुक होतं. आता त्याने टेबलावरची एक काडी उचलली आणि परत ठेवली.

"आई," शेवटी तो म्हणाला, "मी उगाच..."

"तू ओरडलास त्याचं काही नाही. तू जन्मलास तोच ओरडत."

तो कसनुसा हसला. त्याला वाटलं, मिटलं. "चला, मग झालं तर. चूक कोणाचीही होते. मग सोमवारी तूच थांबशील ना आई? आता तर काही प्रश्नच नाही."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर तिला सोसला असता.

"सोमवारी पोर पाळणाघरात जाईल," त्या म्हणाल्या. "हिने बघून ठेवलंय ना, चांगलंच बघितलं असेल. हिची नजर बारीक आहे."

"आई, तुम्ही राहा," ती म्हणाली. "माझं चुकलं. खरंच राहा."

"मघाशी मी तुला विचारलं होतं, मनात काय आहे म्हणून. तेव्हा 'नको' म्हणाली असतीस तर मी मुकाट ऐकलं असतं. वाईट वाटलं असतं, पण ऐकलं असतं. पोराला मायेने सांभाळता येतं गं. पहाऱ्यात नाही येत." त्या उठल्या, पदर नीट केला. "दे तिला इकडे. तू सामान आवर."

तिने पेंगुळलेली गोटी पुढे केली. सासूबाईंनी तिला अलगद काखेखाली धरून उचललं, एक हात मानेमागे घातला. आणि गोटीच्या आईची नजर, तिला न विचारता, सरळ त्या बोटांवर गेली. धुतलेत का, पावाचा चिकटा आहे का, पकड नीट बसलीय का.

एवढं सगळं होऊनसुद्धा. तिने झटकन डोळे वळवले, पण सासूबाईंनी पाहिलं होतं.

"बघून घे," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता. दुकानात गिऱ्हाईकाला इस्त्री केलेला कपडा दाखवावा, तसा त्यांनी गोटीखालचा हात जरासा बाहेर काढून दाखवला, आणि नातीला घेऊन दाराकडे चालू लागल्या.

नवरा त्यांच्यामागे पळाला. ती पर्स, ओले रुमाल, टेबलाखालचा गोटीचा बूट गोळा करत मागे राहिली. एक गाडीवाली टेबल आवरायला आली आणि तो उलगडलेला कागदी रुमाल उचलायला तिने हात पुढे केला. "राहू दे, मी टाकते," गोटीची आई म्हणाली. त्या बाईला तिची भाषा कळली नाही. तिने हसून तो रुमाल बाकीच्या खरकट्याबरोबर उचलला आणि गाडी पुढे ढकलली.